पळालेली गाडी

आमच्या दारात हल्ली एक मोटार उभी असते. नोंदणीपत्रकात तिचा रंग पांढरा असे लिहिले आहे, आणि एके काळी तो तसा असलाही पाहिजे. ती आल्यापासून राणीसावरगावात आम्हांस जो भेटतो तो एकच प्रश्न विचारतो. 'केवढ्याला घेतली?' हा तो प्रश्न नव्हे. त्याची पाळी दुसरी. पहिला प्रश्न असतो, 'सर, पळाली किती?' जणू काय ती कोणाच्या तरी घरून पळून आली असून आम्ही तिला आसरा दिला आहे! 'दोन लाख अकरा हजार,' असे आम्ही खरे ते सांगतो. मग विचारणारे गृहस्थ क्षणभर गप्प राहतात, बॉनेटवरून हळूच हात फिरवितात आणि दुखवट्यास आलेल्या माणसाच्या स्वरात म्हणतात, 'चालंल. डिझेल हाय. चालंल.'

दोन लाख अकरा हजार किलोमीटर म्हणजे किती, याचा हिशेब आम्ही एकदा फावल्या वेळी करून पाहिला. पृथ्वीचा विषुववृत्तावरील घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे या बाईने पृथ्वीला पाच प्रदक्षिणा घालून सहावीस प्रारंभ केला आहे. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. तेव्हा चंद्राची निम्म्याहून अधिक वाट तिने तुडविली आहे. मौज अशी की, हा सर्व प्रवास तिने अहमदपूर तालुक्यात व त्याच्या आसपास केला.

वस्तुतः गाडीवाचून आमचे काही अडले नव्हते. आम्ही तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो, आणि अठ्ठावीस वर्षे एस.टी.ने जात-येत आहो. एस.टी.च्या खिडकीजवळ बसून आम्ही जितके वाचन केले तितके ग्रंथालयात बसून केले नाही. उत्तरपत्रिका तपासण्यास तर त्या गाडीसारखी जागा नाही. कारण बालाघाटाच्या चढउतारांवर हात हलला की गुण आपोआप उदार होतात. वाहन नसणे हे आम्ही एक प्रकारचे वैराग्य समजत होतो, आणि त्याचा आम्हांस थोडा अभिमानही होता. हा अभिमान २०२४ सालच्या भाद्रपदातील एका रात्री उतरला.

आमच्या मातोश्रींचे वय त्या वेळी एक्याऐंशी होते. पावसाची झड लागली होती. रात्री साडेबाराच्या सुमारास त्यांचा श्वास लागला, तो काही केल्या बसेना. त्या खाटेवर उठून बसल्या होत्या व दोन्ही हातांनी खांब धरून होत्या. आम्ही छत्री घेऊन बाहेर पडलो. गल्लीत एरवी दोन जीपा उभ्या असतात. त्या दोन्ही भजनी मंडळी घेऊन परगावी गेल्या होत्या. तिसऱ्या एका गृहस्थांनी आपली मोटार देऊ केली, पण तिची बॅटरी उतरलेली. पावसात चार जणांनी ती रेणुकादेवीच्या देवळाच्या रस्त्याने दूरवर ढकलली, तरी ती बोलेना. शेवटी कापसाच्या एका व्यापाऱ्याचा मालाचा टेम्पो मिळाला. त्यात रिकामी पोती अंथरली, वर गादी टाकली, ताडपत्री धरली, आणि आम्ही गंगाखेडकडे निघालो. सौभाग्यवतींनी मातोश्रींना पाठीशी टेकून धरले होते. आम्ही विजेरी घेऊन बसलो होतो. ती कशासाठी, हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. मध्ये एकदा, दोन श्वासांच्या मधल्या अवधीत मातोश्री म्हणाल्या, "उद्या कॉलेज असंल ना रे तुला?"

पुढे गंगाखेडहून नांदेडला नेले. हृदय अशक्त झाल्यामुळे फुप्फुसात पाणी साठले होते. औषधांनी ते उतरले. मीठ कमी करावयाचे, पाणी मोजून प्यावयाचे, महिन्याला एकदा येऊन दाखवून जावयाचे, असा सर्व क्रम डॉक्टरांनी लिहून दिला, आणि निरोप देताना सहज म्हणाले, "रात्री पुन्हा असे झाले तर वेळ मात्र घालवू नका." आमच्या दारात आज जी मोटार उभी आहे ती या एका वाक्याने घेतलेली आहे.

आता पैशाचा विचार. चिरंजीव पुण्यास यंत्रविद्या शिकतात, आणि तिची फी ही स्वतंत्र निबंधाचा विषय होऊ शकेल. नव्या गाडीस कर्ज काढावे, असे आमच्या मेहुण्यांचे मत पडले. परंतु आमची निवृत्ती दृष्टीच्या टप्प्यात आली आहे, आणि पेन्शनीत हप्ता घेऊन जाणे आम्हांस प्रशस्त वाटेना. जमा होते ते अडीच लक्ष. त्यांतून जुनी गाडी घ्यावयाची, हे ठरल्यावर आमच्या ध्यानात आले की, जुन्या गाडीला किंमत एक नसते, दोन असतात. एक आपण विकणाऱ्याला देतो. दुसरी पुढे कधी तरी मिस्त्रीला द्यावयाची असते. पहिल्या किमतीची घासाघीस करता येते. दुसरीची तारीखदेखील ठाऊक नसते.

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. जुन्या मोटारींचा बाजार हा विषय आम्ही वर्गात गेली पंचवीस वर्षे शिकवीत आलो आहो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली त्यावर एक लेख प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता, आणि २००१ साली त्याच विचारासाठी त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. (आमचे परत आलेले लेख आम्ही तेव्हापासून नीट जपून ठेवले आहेत.) त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, गाडीत काय दोष आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही चांगली किंमत देण्यास धजत नाही. सरासरी काढून बेताची किंमत बोलतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, तो ती बाजारातून काढून घेतो. मग मागे राहतात त्या अधिक वाईट. घेणारा आणखी भितो, आणखी कमी बोलतो, आणि असे होता होता बाजारात केवळ रद्दी उरते. फळ्यावर ही मांडणी फार सुबक दिसते. विद्यार्थी मान डोलावतात. आम्हीही खडू झटकून समाधानाने खाली उतरतो. परंतु एखादा विषय पंचवीस वर्षे शिकविणे आणि त्याच विषयात खिशात पैसे घेऊन उभे राहणे यांत काय अंतर आहे, हे आम्हांस जिल्ह्याच्या एका गावी जुन्या गाड्यांच्या आवारात शिरताच कळले.

आमच्याबरोबर आमच्या गावचे मिस्त्री होते. हे गृहस्थ तरुणपणी मुंबईस काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या गॅरेजात काम करीत. त्या टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या. मिस्त्रींची अशी श्रद्धा आहे की, जी गाडी पान्याने उघडत नाही ती गाडीच नव्हे. मुंबईत २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निघाली, ती बातमी आम्हीच त्यांना वाचून दाखविली होती. त्यांनी आम्हांला चहा पाजला आणि त्या दिवशी दुसरे काही बोलले नाहीत.

त्या आवारात एक लाल गाडी आमच्या मनात भरली. चकचकीत, नव्या टायरांची, आत अत्तराचा वास. मीटरवर अवघे ६२,००० किलोमीटर. आम्ही मनातल्या मनात तीत मातोश्रींना बसवूनही पाहिले. मिस्त्री मात्र दार उघडून पायांपाशी वाकले होते. त्यांनी आम्हांला खुणेने बोलाविले. क्लचच्या पायट्यावरचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते व एका कडेला लोखंड दिसत होते. चालकाचे आसन डावीकडे खचले होते. चक्रावरची नक्षी जेथे हात राहतो तेथे पुसून गेली होती. "सर," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मीटर खोटं बोलंल, पायडल न्हाई बोलत." आम्ही विक्रेत्याला विचारले, तेव्हा त्याने आमच्याकडे जी करुणेने भरलेली दृष्टी टाकली ती आम्ही विसरणार नाही. गाडी एका बाईंची आहे, म्हणाला. त्या सारखा क्लच दाबून ठेवीत.

तेथून निघालो आणि एस.टी.त बसल्यावर आम्ही मिस्त्रींना अकरलॉफ समजावून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "हे समजायला अमेरिकेला कशाला जायाचं, सर?"

दुसरी गाडी आम्हांला ओळखीच्या ओळखीतून कळली. अहमदपूरकडील एक पशुवैद्य निवृत्त झाले होते, आणि आता खेडोपाडी फिरावयाचे नसल्याने आपली २०१२ सालची गाडी काढणार होते. गेलो, तर गाडी चिंचेखाली उभी. धुतलेली नव्हती. पुढच्या दिव्याला तडा, मागच्या आसनावर दोरखंडाचे घट्टे. आम्ही नाराज झालो. मीटर पाहिला आणि अधिकच नाराज झालो. इतक्यात डॉक्टर घरातून एक वही घेऊन आले व ती आमच्या हाती देऊन म्हणाले, "आधी हे वाचा. चहा होतोय तोवर."

ती दोनशे पानी शाळकरी वही होती. वर खाकी पुठ्ठा, पहिल्या पानावर 'श्री', आणि त्याखाली पट्टीने आखलेले रकाने: तारीख, किलोमीटर, काम, खर्च, शेरा. गाडी घेतल्या दिवसापासून तिला जे जे झाले ते सर्व त्यांत होते. आम्ही पुष्कळ चरित्रे वाचली आहेत आणि आत्मचरित्रे त्याहून पुष्कळ. पण इतके निर्मळ आत्मचरित्र आमच्या वाचनात क्वचितच आले असेल. इंजिनाचे तेल दर वेळी मुदतीच्या आत बदललेले. ९२,००० वर क्लचप्लेट. शेरा, 'कडब्याचे ओझे नेण्याचा हा परिणाम.' २०२० सालच्या एप्रिलात एक ओळ: 'टाळेबंदी. पास काचेवर लावला. रस्त्यावर आपण एकटेच.' २०२२ साली पावसाळ्यात जनावरांना लम्पीची साथ आली, तेव्हा रकान्यांतले आकडे एकदम उड्या घेऊ लागतात. चार महिन्यांत अकरा हजार किलोमीटर, आणि शेऱ्याच्या रकान्यात दुरुस्तीऐवजी गावांची नावे. गाडीच्या वहीत ती का लिहिली, हे त्यांना विचारण्याचा आम्हांस धीर झाला नाही.

परंतु आमचे मन खरोखर बसले ते १,३७,००० च्या नोंदीवर. वैशाखातली तारीख होती. 'रेडिएटर फुटला. काटा वर गेलेला दिसला, तरी नऊ किलोमीटर तशीच नेली. म्हैस अडली होती. हेड उतरवावे लागले, घासून घेतले, गॅसकेट नवी. चूक माझी.' आम्ही ते वाचून मिस्त्रींना ऐकविले. इंजिन तापलेले असता तसेच पळविणे हे त्या धंद्यात महापातक समजतात. त्याने माथ्याचे धातू वाकते, गॅसकेट जळते, पाणी तेलात उतरते. जो मनुष्य गाडी विकावयास काढतो तो ही गोष्ट गंगेत बुडवून टाकील. या गृहस्थांनी ती लिहून ठेवली होती आणि वर आम्हांस चहाच्या आधी वाचावयास दिली होती!

"म्हैस वाचली का?" आम्ही विचारले.

"वासरू वाचले," डॉक्टर म्हणाले.

मिस्त्रींनी आपले काम केले. इंजिन सुरू करून तेलाचे झाकण काढून पाहिले. धूर फेकते का, झाकणाच्या आतून दुधाळ साय जमली आहे का. धुराड्याशी हात धरला. निळा धूर म्हणजे तेल जळते, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे पाणी आत जाते. ही धुराची भाषा आम्ही त्या दिवशी शिकलो. तिन्ही नव्हते. गाडी बोळातून नेऊन खड्ड्यांत घातली, चढावर चौथ्या गिअरात ओढून पाहिली. परत आल्यावर त्यांनी आम्हांस इतकेच सांगितले की, म्हातारी आहे पण आजारी नाही.

एक मात्र होते, आणि तेही वहीत होते. शेवटच्या पानावर शेवटची ओळ: 'टायमिंग चेन मूळचीच. थंडीत सुरू करताना दोन सेकंद वाजते. घेणाऱ्यास सांगणे.'

या साखळीविषयी वाचकांना दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण पुढे दोन महिने आमच्या झोपेचा तिच्याशी संबंध आला. इंजिनाच्या तळाशी जो दांडा फिरतो तो पिस्टनांना वरखाली करतो; माथ्यावर जो फिरतो तो झडपा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर आला की झडपेने बाजूस व्हावे, असा या दोघांचा करार असून तो पाळून घेण्याचे काम ही साखळी करते. ती पट्ट्याप्रमाणे एकाएकी सहसा तुटत नाही. तिच्या खिळ्यांची झीज होऊन ती वर्षानुवर्षे केसाकेसाने लांबते. सैल झालेला भाग ताणून धरणारा एक सोंगट्या तेलाच्या दाबावर काम करतो. रात्रभर गाडी थंड उभी राहिली की तेल खाली उतरते, दाब यावयास क्षण लागतो, आणि तेवढ्यात साखळी आपल्या घरावर आपटून वाजते. हे वाजणे वाढत गेले आणि एके दिवशी साखळी एक-दोन दाते सुटली, की पिस्टन झडपांवर आदळतात, झडपा वाकतात, आणि अठरा हजारांचे काम साठ-सत्तर हजारांवर जाते. ते केव्हा होईल? पाच वर्षांनी होईल, किंवा उद्या पहाटे होईल.

डॉक्टरांनी एक लक्ष नव्वद हजार सांगितले होते. ती वही वाचल्यावर घासाघीस करण्याची आम्हांस लाज वाटली. मिस्त्रींना ती वाटली नाही. एक लक्ष पंचाहत्तर हजारांवर सौदा ठरला, आणि डॉक्टर म्हणाले, "हे पंधरा मी साखळीचे सोडले. आता ती बदलून घ्या म्हणजे झाले." नमुना २९ आणि नमुना ३० वर सह्या झाल्या, कार्यालयातील सोपस्कार पार पडले, विमा आमच्या नावावर आला. नोंदणीची पंधरा वर्षे २०२७ साली भरतील. मग तपासणी, पर्यावरण कर आणि आणखी पाच वर्षांची मुदत. मार्गशीर्षातल्या एका सकाळी गाडी दारात आली. सौभाग्यवतींनी तिला कुंकू लावले. मातोश्रींनी ओसरीवरूनच विचारले, "इतकी पळालेली कामून घेतलीस, बाबा? थकली असंल की."

पंचाहत्तर हजार उरले होते, ते गाडीच्या नावाने बाजूस ठेवावयाचे असा आम्ही निश्चय केला. मिस्त्रींकडून होणाऱ्या खर्चाची यादी घेतली: साखळी अठरा हजार, पुढचे शॉकअप, आर्म आणि बुश बारा हजार, क्लच पुन्हा येईल तेव्हा दहा हजार, टर्बो गेला तर पंचवीस, पण तो जाईलच असे नाही. आमच्या भागात शॉकअप फार टिकत नाहीत. याचा दोष सर्वस्वी कंत्राटदारांवर टाकणे योग्य होणार नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोनचार वर्षांत पाण्यासारखा लाटा घेऊ लागतो. आमची यादी तयार झाली, बेरीज झाली. आणि पंधरा दिवसांच्या आत पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला की, फीचा दुसरा हप्ता याच महिन्यात भरावयाचा आहे. पंचाहत्तरांतले बेचाळीस हजार गेले. गाडीस याची काही कल्पना नव्हती. ती दुसऱ्या दिवशी तीन सेकंद वाजली.

येणाऱ्या दुरुस्तीची वाट पाहणे हा एक निराळाच मनोव्यापार आहे. मोडलेल्या गाडीचा मालक दुःखी असला तरी मोकळा असतो. मोडणार असलेल्या गाडीचा मालक कान होऊन बसतो. आम्ही पहाटे गाडी सुरू करताना घड्याळाचा सेकंदकाटा पाहू लागलो. गाडी फार वापरावयाची नाही म्हणून महाविद्यालयात पूर्ववत एस.टी.ने जाऊ लागलो. त्यामुळे सहकाऱ्यांचा असा समज झाला की गाडी आताच बंद पडली. एकदा सकुटुंब गंगाखेडला जात असता एक नवाच आवाज सुरू झाला: टक्, टक्, मग घरंगळल्यासारखे काही तरी, मग पुन्हा टक्. चढावर निराळा, उतारावर निराळा. साखळीने दाते सोडले असे आमच्या मनाने घेतले. रस्त्याच्या कडेस गाडी थांबविली, इंजिन बंद केले, बॉनेट उघडून आत पाहात उभे राहिलो. पाहून काय कळणार, हा भाग वेगळा. मिस्त्रींना फोन केला, फोनमधून इंजिनाचा आवाज ऐकविला. ते म्हणाले, "आवाज चांगला हाय." आम्ही म्हणालो, "तो थांबला आहे म्हणून!" मातोश्री इतका वेळ आसनाखाली हात घालून काही चाचपीत होत्या. त्यांनी आपली पितळेची चुन्याची डबी बाहेर काढली. "तरी म्हनलं, गेली कुठं," त्या म्हणाल्या.

अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन म्हणून एक शाळामास्तर होऊन गेले; विज्ञान शिकवीत. त्यांनी १९६६ साली एक व्होल्वो गाडी घेतली आणि तीच एक गाडी चालवीत २०१३ साली अलास्कात तीस लक्ष मैल पुरे केले, म्हणजे चंद्राला जाऊन-येऊन सहा खेपा, आणि वर काही. इतक्या प्रवासात इंजिन दोनदा खोलून बांधावे लागले. आम्ही ही हकीकत घरात फार उत्साहाने सांगितली. सौभाग्यवतींनी विचारले, "आणि त्यांचा मुलगा कुठे शिकत होता?" तेव्हापासून आम्ही ती पुन्हा सांगितली नाही.

पौष लागला. परभणीकडची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना ठाऊक आहे की, उन्हाळ्यात चव्वेचाळीसवर जाणारा हा मुलूख पौषात पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. एके पहाटे गाडी सुरू केली आणि साखळी सहा सेकंद वाजली. मिस्त्री अंगावर घोंगडी घेऊन आले. त्यांनी पुन्हा सुरू करावयास सांगितले, पुन्हा ऐकले. एरवी 'जे वाजत नाही त्याला हात लावू नका' असे सांगणारा हा मनुष्य म्हणाला, "आता उतरवावी लागंल, सर. सामान नांदेडहून येईल. चार दिस गाडी माझ्याकडं ऱ्हाईल."

चार दिवस! गाडी ज्यासाठी घेतली तो श्वास या थंडीतच लागण्याचा संभव अधिक. गाडी दारात वाजत उभी ठेवली तर ज्या रात्री तिची गरज पडेल त्याच रात्री ती दाते सोडणार नाही, याची हमी कोणी द्यावी? आणि दुरुस्तीस दिली तर त्या चार रात्री? अर्थशास्त्रात अशा प्रसंगी संभाव्यतेने खर्चाला गुणून दोन्ही बाजूंची तुलना करतात. आम्ही कागद घेतला. एका बाजूस अठरा हजार लिहिले. दुसऱ्या बाजूस काय लिहावे ते सुचेना, म्हणून कागद ठेवून दिला.

तोड मातोश्रींच्या तपासणीनेच काढली. नांदेडच्या डॉक्टरांनी या खेपेस त्यांना तीन दिवस ठेवून घेणार म्हणून कळविले. पायांवर सूज दिसत होती. मिस्त्री म्हणाले, "मग गाडीबी तिथंच टाकू. माझ्या हाताखाली शिकलेलं पोरगं हाय तिथं. मी येतो एस.टी.नं." आम्ही पहाटे निघालो. साखळी वाजली ती आम्ही मोजली नाही. लोह्यावरून नांदेडला जाताना एकही चढ आम्ही जोराने घेतला नाही. मातोश्री पुढच्या आसनावर शाल पांघरून बसल्या होत्या. गोदावरीच्या पुलावर त्यांनी चंचीतून एक नाणे काढले व काच खाली करून पाण्यात टाकले.

पुढचे तीन दिवस आम्ही इस्पितळ आणि गॅरेज यांच्यामध्ये चालत होतो. दोन्ही ठिकाणी बाकावर बसावे लागे, आणि दोन्ही ठिकाणी 'सायंकाळी सांगतो' असे उत्तर मिळे. इस्पितळात पडद्यावर हृदयाची झडप उघडताना व मिटताना दाखविली. गॅरेजात उघड्या इंजिनाच्या झडपा मिस्त्रींनी स्वतः बोट ठेवून दाखविल्या. जुनी साखळी नवीजवळ धरली तेव्हा ती बोटाच्या अर्ध्या पेराइतकी लांब भरली. "अजून दोन महिने गेली असती," पोरगा म्हणाला. "दोन दिवस," मिस्त्री म्हणाले. दोघांपैकी कोणाचे खरे, हे आता कळण्याचा मार्ग नाही. इस्पितळात मात्र कोणी महिने किंवा दिवस सांगितले नाहीत. औषधाची एक गोळी वाढविली, एक बदलली, सूज उतरली. पुढच्या महिन्यात या, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी गाडी इस्पितळाच्या दाराशी आणली. सौभाग्यवतींनी मातोश्रींना पुढे बसविले, उशी दिली, चुन्याची डबी त्यांच्या ओटीत ठेवली. मिस्त्री मागे बसले. आम्ही किल्ली फिरविली. मातोश्री कान देऊन होत्या.

"आज काही बोलंना की ही," त्या म्हणाल्या.

रात्री घरी पोचल्यावर आम्ही वही काढली. डॉक्टरांच्या शेवटच्या ओळीखाली पट्टीने एक रेघ ओढली आणि रकाने भरले: '२,१२,४००. टायमिंग चेन, टेन्शनर, तेल. १७,६००.' शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे याचा विचार करीत होतो, तो आतून खोकल्याचा आवाज आला. आम्ही लेखणी ठेवून आत गेलो. त्यांना पाणी हवे होते. मोजलेल्या तांब्यातले अजून अर्धी वाटी शिल्लक होते, ते दिले.